‘पर्सन’ म्हणजे नेमकं कोण?

आज आम्ही जो शब्द घेतला आहे तो कळायला कोणालाही कोश उघडावा लागत नाही. लिफ्टमध्ये पाटी असते, ‘आठ पर्सन्स’. केटरर विचारतो, पर पर्सन किती रुपयांचं ताट ठेवायचं. बँक पर्सनल लोन देते आणि मुलाच्या सुट्टीत आपण त्याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या वर्गाला घालतो. शब्द इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याचा अर्थ विचारला तर आपण म्हणू, त्यात काय, पर्सन म्हणजे माणूस.

पण तसं असतं तर एक गोष्ट घडायला नको होती. १९१६ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरात एमिली मर्फी नावाच्या बाईंची मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक झाली. काम सुरू होतं न होतं तोच त्यांच्यासमोर उभा असलेला एक वकील म्हणाला की हे न्यायालयच बेकायदेशीर आहे, कारण समोर बसलेली ही बाई कायद्याच्या दृष्टीने ‘पर्सन’ नाही. ती बाई माणूस नाही, असं त्या वकिलाला म्हणायचं नव्हतं बरं का. माणूस आहे हे त्याला दिसतच होतं. तरीही ती पर्सन नाही, असं तो म्हणत होता, आणि त्या काळच्या कायद्याची पुस्तकं हातात घेऊन म्हणत होता. याचा अर्थ माणूस आणि पर्सन यांच्यामध्ये कुठेतरी फट आहे. ती फट कशी पडली, हे पाहायचं तर शब्दाच्या मुळापर्यंत जायला हवं.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, तेराव्या शतकाच्या आसपास. फ्रेंचला तो लॅटिनने दिला. लॅटिनमध्ये शब्द आहे ‘पर्सोना’, आणि त्याचा पहिला अर्थ आहे मुखवटा. नाटकात नट तोंडावर चढवतो तो.

आता लॅटिनमध्ये हा शब्द कुठून आला? इथे एक फार लोकप्रिय व्युत्पत्ती आहे आणि ती तुम्ही कदाचित ऐकली असेल. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘सोनारे’ म्हणजे आवाज करणं; ज्याच्या आरपार आवाज येतो तो मुखवटा, म्हणून पर्सोना. ही व्युत्पत्ती जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने गॅव्हियस बॅसस या व्याकरणकाराच्या नावावर ती नोंदवली आणि तिचं कौतुकही केलं. आजही व्यक्तिमत्त्वविकासावरच्या भाषणांत ती हटकून येते. अडचण एवढीच आहे की ‘सोनारे’मधला ‘ओ’ ऱ्हस्व आहे आणि ‘पर्सोना’मधला दीर्घ. देवनागरीत आपल्याला ‘ओ’चा हा भेद दाखवता येत नाही, म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ ही उदाहरणं घ्या. कोणी म्हणालं की गरीब माणूस दिवसभर राबतो म्हणून त्याला दीन म्हणतात, तर ऐकायला बरं वाटेल, पण आपण ते मान्य करणार नाही. तसंच हे आहे.

जास्त भरवशाचा धागा सापडतो तो चित्रात. रोमच्या वायव्येला, समुद्राजवळ टार्क्विनिया नावाचं गाव आहे. तिथे एट्रुस्कन लोकांच्या जमिनीखालच्या दफनखोल्या आहेत. रोमन सत्ता वाढण्याआधी त्या भागात या लोकांचं वर्चस्व होतं, आणि त्यांची भाषा लॅटिनच्या कुळातली नव्हती. तिथल्या एका दफनखोलीत, सुमारे इ. स. पू. ५३० ते ५२० या काळातल्या, भिंतीवर रंगवलेली एक आकृती आहे. दाढी असलेला मुखवटा घातलेला माणूस. त्याच्या हातात एक लांब दोरी आहे, दोरीला कुत्रा बांधलेला आहे, आणि तो कुत्रा दुसऱ्या एका माणसाचे लचके तोडतो आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर पोतं घातलेलं आहे, हातात दंडुका आहे, पण त्याला काही दिसत नाही. आणि त्या मुखवटेवाल्याच्या शेजारी एक शब्द लिहिला आहे: ‘फेर्सू’. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘पर्सोना’चं मूळ या फेर्सूमध्ये पाहतात.

आम्हाला हे चित्र महत्त्वाचं वाटतं ते व्युत्पत्तीच्या पलीकडच्या एका कारणासाठी. त्यात दोन माणसं आहेत. एकाला मुखवटा आहे, त्याला नाव आहे, दोरी त्याच्या हातात आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पोतं आहे. चित्रकाराच्या मनात काय होतं ते सोडून देऊ. पण पुढच्या अडीच हजार वर्षांत या शब्दाचं जे झालं, ते समजावून सांगताना हे चित्र आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतं.

मुखवट्यावरून भूमिका हा अर्थ येणं साहजिक आहे. मराठीत आपण ‘सोंग’ म्हणतो. सोंग चेहऱ्यावर चढवलेलंही असतं आणि वठवायचंही असतं. नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीला पात्रांची यादी येते, तिला इंग्रजीत आजही लॅटिनच शब्द वापरतात, ‘ड्रामाटिस पर्सोने’. रंगभूमीवरची भूमिका, मग न्यायालयातली भूमिका, मग समाजातली. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की प्रत्येक माणसाच्या वाट्याला चार पर्सोना येतात. पहिली सगळ्यांना सामाईक, बुद्धी असलेल्या प्राण्याची. दुसरी आपल्या स्वतःच्या स्वभावाची. तिसरी परिस्थितीने गळ्यात घातलेली: कोणाच्या पोटी जन्मलो, पैसा आहे की नाही. आणि चौथी आपण स्वतः निवडलेली, म्हणजे वकील व्हायचं की सैनिक. लक्षात घ्या, सिसेरोच्या दृष्टीने मुखवटा म्हणजे खोटेपणा नाही. मुखवट्याच्या आत खरा माणूस लपलेला आहे आणि मुखवटा ओरबाडून काढला की तो सापडेल, ही कल्पना फार नंतरची आहे. त्याच्यासाठी चारही भूमिका खऱ्या आहेत आणि चारही नीट वठवायच्या आहेत.

रोमन कायद्याने हा शब्द उचलला. दुसऱ्या शतकातल्या गायस या कायदेपंडिताने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं एक पाठ्यपुस्तक आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. तो म्हणतो, सगळा कायदा तीन गोष्टींबद्दल असतो: पर्सोना, वस्तू आणि दावे. मग पर्सोनांचं प्रकरण उघडताना तो पहिलाच भेद करतो, की माणसं एकतर स्वतंत्र असतात नाहीतर गुलाम. म्हणजे गुलाम पर्सोनांच्या प्रकरणात आला. ठीक. पण पुढे वस्तूंच्या प्रकरणात, ज्यांना हात लावता येतो अशा वस्तूंची उदाहरणं देताना तो जमीन, कपडे, सोनं, चांदी यांच्या रांगेत गुलामालाही बसवतो! एकाच पुस्तकात तोच माणूस दोन खणांत. गायसला यात काही विसंगत वाटत नाही. त्यानंतरच्या कायद्यात मात्र हळूहळू असं ठरत गेलं की ज्याला न्यायालयात स्वतःच्या नावाने उभं राहता येतं तोच खरा पर्सोना. गुलामाला ते येत नाही, म्हणून तो नाही.

हे फक्त प्राचीन काळाबद्दल नाही. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तिच्या मूळ मसुदेकारांनी ‘गुलाम’ हा शब्द टाळला. लोकसंख्या मोजताना स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची आणि ‘इतर पर्सन्स’चा तीन पंचमांश धरायचा, असं त्यात लिहिलं. म्हणजे मोजायला पर्सन, विकायला वस्तू. गायसचेच दोन खण.

आता शब्दाने एक मोठं वळण घेतलं, आणि ते धर्मशास्त्रात. ख्रिस्ती विचारवंतांपुढे प्रश्न होता की ईश्वर एक आहे, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन आहेत, हे सांगायचं कसं? इ. स. २००च्या सुमाराला कार्थेजच्या टर्टुलियनने लॅटिनमध्ये मांडणी केली: द्रव्य एक, पर्सोना तीन. ग्रीक बोलणाऱ्यांना हे सुरुवातीला खटकलं. त्यांच्याकडे पर्सोनाला समानार्थी शब्द होता ‘प्रोसोपॉन’, म्हणजे चेहरा, आणि मुखवटाही. मग एकच ईश्वर तीन सोंगं घेतो असा अर्थ निघेल, आणि ते तर पाखंड ठरलेलं होतं. यावर शतकानुशतकं जो वाद झाला त्यात आम्ही शिरत नाही. तिथे शिरलं की बाहेर यायला एक वर्ष लागतं. पण त्याचा परिणाम असा झाला की पर्सोना म्हणजे वरून घातलेलं काही नव्हे, आतलं काहीतरी, हे सिद्ध करणं भाग पडलं. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियसने व्याख्या केली: विवेकशील स्वभावाचं एकेकटं, अविभाज्य द्रव्य म्हणजे पर्सोना. पाहा काय झालं. जो शब्द चेहऱ्यावर चढवायच्या वस्तूचा होता, तो चेहऱ्यामागच्या गाभ्याचा झाला. शब्द आतून बाहेर उलटला, पिशवी उलटावी तसा.

इंग्रजीला शब्द मिळाला तो हे दोन्ही अर्थ घेऊन. जाता जाता सांगतो, इंग्रजी ‘पार्सन’, म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, हाही हाच शब्द आहे. उच्चार बदलून वेगळा झालेला.

पुढे इंग्रज तत्त्वज्ञांनी या दोन अर्थांत ओढाताण केली. हॉब्सने १६५१ साली ‘लेव्हायथन’मध्ये शब्द पुन्हा रंगमंचावर नेला. त्याचं म्हणणं, ज्याचे शब्द आणि कृती कोणाच्या तरी म्हणून मोजल्या जातात तो पर्सन. स्वतःच्या म्हणून मोजल्या तर नैसर्गिक पर्सन, दुसऱ्याच्या वतीने असतील तर कृत्रिम. आणि मग दुसऱ्याच्या वतीने बोलायचंच आहे तर ते दुसरं माणूसच असायला हवं असं कुठे आहे? चर्चच्या, रुग्णालयाच्या, अगदी पुलाच्या वतीनेही कोणी बोलू शकतो, असं हॉब्स लिहितो. पूल! साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी.

लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत एक नवं प्रकरण घातलं. समजा, एका राजपुत्राची सगळी जाणीव, सगळ्या आठवणी एका चांभाराच्या देहात गेल्या. आता जो उठून बसेल तो कोण? लॉक म्हणतो, माणूस म्हणून तो चांभारच, पण पर्सन म्हणून राजपुत्र. आणि असं का म्हणायचं, तर पर्सन हा शब्द मुळात न्यायालयीन आहे: केलेल्या कर्माचं श्रेय किंवा दोष कोणाच्या माथी, हे ठरवण्यासाठी. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी राजपुत्र आणि चांभार यांच्यातच रमतात. शिकवताना आम्हाला नेहमी वाटत आलं की खरा ऐवज त्या ‘न्यायालयीन’ या शब्दात आहे. कांटने १७८५ साली बोएथियसच्या बाजूचं टोक गाठलं: वस्तूला किंमत असते, पर्सनला प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेच्या जागी बदली देता येत नाही.

इथे थोडं थांबून आपल्या शब्दाकडे पाहू. आपण पर्सनला ‘व्यक्ती’ म्हणतो. संस्कृतात ‘वि’ आणि ‘अञ्ज्’ यांपासून हा शब्द होतो. जे उघड होतं, प्रकट होतं ते व्यक्त, आणि ते प्रकट होणं म्हणजे व्यक्ती. म्हणजे लॅटिन शब्दाची सुरुवात झाकण्यापासून आणि आपल्या शब्दाची उघडण्यापासून. पण फार खूश होऊ नका. जुन्या न्यायशास्त्रात व्यक्ती म्हणजे माणूस नव्हे. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ गायींची जाती, की आकृती, की व्यक्ती, असा वाद आहे, आणि तिथे व्यक्ती म्हणजे समोर उभी असलेली एकेक गाय. पाणिनीच्या एका सूत्रात तर व्यक्ती म्हणजे शब्दाचं लिंग. ‘माणूस’ हा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला, आणि पर्सनचं कायदेशीर वजन त्याच्यावर आलं ते इंग्रजी कायद्याचं भाषांतर करताना.

व्याकरणातही हा शब्द आहे. ‘फर्स्ट पर्सन’ म्हणजे बोलणारा, ‘सेकंड’ म्हणजे ज्याच्याशी बोलतो तो, ‘थर्ड’ म्हणजे ज्याच्याबद्दल बोलतो तो. ग्रीक व्याकरणकारांनी नाटकातल्या या भूमिकांसाठी प्रोसोपॉन हाच शब्द वापरला होता. मराठीत आपण या क्रमाने प्रथम पुरुष म्हणजे ‘मी’ म्हणतो. संस्कृतात उलट आहे, प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’, आणि ‘मी’ हा उत्तम पुरुष. दोन्ही विषय घेणाऱ्या मुलांची याच्यात हमखास दांडी उडते. तिन्ही ‘पुरुष’च आहेत, बाई कुठेच नाही, हा एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलेला प्रश्न मात्र आम्हाला फार वर्षं पुरला.

कारण बाईचाच तर प्रश्न होता. एडमंटनच्या त्या वकिलापूर्वी लंडनमध्ये काय झालं होतं ते पाहा. स्कॉटलंडच्या विद्यापीठांच्या पदवीधरांना संसदेसाठी मत देता येत असे; कायद्यात शब्द होता ‘पर्सन’. पदवीधर स्त्रिया मत मागायला गेल्या आणि लॉर्डांच्या सभागृहापुढे हरल्या. १९१३ साली सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या चार स्त्रियांपैकी एकीचा खटला असाच फेटाळला गेला. तिथेही कायदा ‘पर्सन’ म्हणत होता.

आणि आपल्याकडे? नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मग ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मिळाली १९२२ साली. तीस वर्षांनी! परीक्षेला बसणारी होती, उत्तरं लिहिणारी होती, फक्त पदवी घेणारी पर्सन नव्हती. १९१६ साली रेजिना गुहा या कलकत्त्याच्या कायदा पदवीधर बाईंनी वकील म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला. १८७९चा कायदा सांगत होता की अमुक पात्रता असलेल्या पर्सनला नोंदणी करता येईल. शिवाय कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंग धरावं, असा सर्वसाधारण नियमही होता. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ठरवलं की तरीही नाही. १८७९ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्त्री वकील नव्हती, म्हणून त्या शब्दात स्त्री येत नाही. १९२१ साली पाटण्याच्या उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज याच वाटेने फेटाळला. त्याच वर्षी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजींची नोंदणी केली. दोन्ही शहरं गंगेच्याच काठी. १९२३ साली स्वतंत्र कायदा करून हा अडथळा काढावा लागला.

इथे एक बारकावा नीट पाहायला हवा. या न्यायाधीशांनी स्त्रीला बुद्धी नाही असं म्हटलं नाही. बोएथियसची व्याख्या लावली असती तर समोर पदवी घेऊन उभी असलेली बाई विवेकशील आहे हे कोणालाही नाकारता आलं नसतं. पण ते बोएथियसचा शब्द वापरतच नव्हते. ते रोमन न्यायालयातला शब्द वापरत होते: ही भूमिका आजवर कोणाला दिली गेली? ज्यांना दिली नव्हती त्यांना ती नाही. म्हणजे मागच्या अन्यायाचाच आजच्या अन्यायाला दाखला.

कॅनडात एमिली मर्फींनी हार मानली नाही. तिथल्या घटनेत सिनेटवर ‘पात्र पर्सन्स’ नेमावेत असं होतं. त्यांनी आणि अल्बर्टाच्या आणखी चार स्त्रियांनी मिळून प्रश्न लावून धरला की या शब्दात स्त्रिया येतात की नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८च्या एप्रिलमध्ये एकमताने सांगितलं, येत नाहीत. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांनी निकाल दिला की येतात. या निकालातली आम्हाला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी पुराव्याचं ओझं उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवलं. स्त्रिया का याव्यात हे स्त्रियांनी सिद्ध करायचं नाही. का येऊ नयेत हे विरोध करणाऱ्याने सांगावं. एमिली मर्फींना स्वतःला सिनेटवर कधीच नेमलं गेलं नाही. पहिली स्त्री सिनेटर १९३० साली नेमली गेली, ती दुसरीच.

आता याच प्रिव्ही कौन्सिलपुढचा चार वर्षं आधीचा, १९२५चा एक खटला सांगतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातली कुलदेवता. पूजेच्या पाळ्या भावांमध्ये वाटलेल्या. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी हलवता येईल का, यावर वाद. निकाल असा की मूर्ती ही घरातली हलवाहलव करायची वस्तू नाही. तिला कायद्यात स्वतःचं अस्तित्व आहे, तिच्या इच्छेचा विचार व्हायला हवा, आणि त्यासाठी तिच्या वतीने बोलणारा, वादात हितसंबंध नसलेला कोणी नेमावा. मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ सालीच डाकोरच्या देवस्थानाबद्दल याच दिशेने जाणारा निकाल दिला होता. हॉब्सचा पूल इथे देव होऊन उभा राहिला.

हे ऐकून काही जण हसतात. पाहा, म्हणतात, मूर्ती चालली, बाई चालली नाही. हसण्याचं कारण आम्हालाही कळतं, पण मूर्तीला दिलेलं स्थान मूर्खपणाचं नव्हतं. देवस्थानाची जमीन पुजाऱ्याने विकून खाऊ नये, यासाठी जमिनीचा मालक पुजाऱ्याहून वेगळा असावा लागतो. कंपनीचंही तेच. मुखवटा आहे, मागे चेहरा नाही. पण मुखवट्याने काम होतं. २०१७ साली न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला कायद्याने पर्सनचं स्थान दिलं आणि तिच्या वतीने बोलणारे दोघे नेमले. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला ते दिलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. गंगेने कोणाला बुडवलं तर नुकसानभरपाई कोणाकडे मागायची, हा राज्य सरकारचा प्रश्न चेष्टेचा नव्हता.

तेव्हा चेहरा नसलेल्या मुखवट्यांची आम्हाला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती त्या टार्क्विनियाच्या भिंतीवरच्या दुसऱ्या माणसाची. चेहरा आहे, पण त्यावर पोतं. कांटला वाटलं की चेहरा असला की मुखवटा आपोआप येतो, विवेक असला की प्रतिष्ठा मिळतेच. इतिहासात तसं एकदाही आपोआप झालेलं आम्हाला दिसलं नाही. दर वेळी कोणीतरी अर्ज केला, हरलं, पुन्हा केला.

वेळ संपत आली आहे. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत ते घेऊ.

पहिला, यंत्राला पर्सन म्हणायचं का? २०१७ साली युरोपच्या संसदेने एका ठरावात अशी सूचना केली होती की अत्यंत स्वायत्त रोबोंसाठी पुढे ‘इलेक्ट्रॉनिक पर्सन’ असा दर्जा असावा का, याचा विचार व्हावा. आमचं उत्तर असं: हॉब्सच्या अर्थाने म्हणायला हरकत नाही, कंपनीला म्हणतोच. पण विचारायचं असं की हा मुखवटा चढवल्याने जबाबदारी कोणाच्या माथ्यावरून उतरते? कारखानदाराच्या माथ्यावरून उतरत असेल तर घाई करू नये.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. लिहिणाऱ्या बाई विचारतात, इतका घोटाळ्याचा शब्द आपल्या राज्यघटनेत कशाला ठेवला, सरळ ‘नागरिक’ का नाही म्हटलं? दोन्ही शब्द आहेत, आणि मुद्दाम वेगवेगळ्या जागी. भाषणाचं, संचाराचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो, ते नागरिकांना. समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीविताचा अनुच्छेद २१ ‘पर्सन’ म्हणतात. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कंपनी नागरिक नाही, म्हणून तिला स्वतःच्या नावाने १९ मागता येत नाही. १४ मात्र मागता येतो. आणि १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांचा प्रश्न आला. ही माणसं १९६४च्या सुमाराला पूर्व पाकिस्तानातून आलेली, नागरिकत्व नाही, आणि स्थानिक संघटना त्यांना हाकलायला निघालेल्या. न्यायालयाने राज्य सरकारला सांगितलं की त्यांचं रक्षण करावंच लागेल, कारण अनुच्छेद २१ नागरिक म्हणत नाही, पर्सन म्हणतो. म्हणजे आपल्या घटनेत आज निर्वासित आणि कंपनी एकाच बाकावर बसलेले आहेत: दोघेही नागरिक नाहीत, दोघेही पर्सन. एकाला तो शब्द हिशेबापुरता हवा असतो, दुसऱ्याला जीव वाचवायला. आणि त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी वाक्यात पर्सनसाठी सर्वनाम पुरुषाचं आहे. मराठीत तेच वाक्य लिहायला घ्या, व्यक्ती स्त्रीलिंगी असल्यामुळे तिथे तुम्हाला ‘तिचे’ असंच लिहावं लागेल.